गादी सुकली, तर पाणी प्यायचं का?

मी बायोकेमिस्ट्री शिकवते. एमआरआयचा रिपोर्ट हातात पडला की नातेवाईक, शेजारी मला विचारतात, "मॅडम, मणक्यातली गादी सुकलीय म्हणे. पाणी वाढवू का? की कोलॅजनची पावडर घेऊ?" तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून लिहिते.

पाणी कमी प्यायल्याने गादी सुकत नाही. तिच्या मधल्या मऊ गरात पाणी धरून ठेवतो तो अ‍ॅग्रिकन नावाचा रेणू. बाटली धुण्याच्या ब्रशसारखा: मध्ये प्रथिनाची दांडी, भोवती शर्करेच्या साखळ्यांचे दाट केस. या केसांवरचा ऋणभार सोडियमला ओढतो आणि सोडियममागून पाणी येतं. तान्ह्या बाळाच्या गरात ८० ते ९० टक्के पाणी असतं, उतारवयात ते ७० टक्क्यांच्या आसपास येतं.

हा ब्रश तुटतो कसा, हे समजून घ्या. मोठ्या माणसाच्या गादीच्या गाभ्यात रक्तवाहिनीच नसते. तिथल्या पेशींना ग्लुकोज आणि ऑक्सिजन मिळतो तो वरखालच्या मणक्यांतून, कूर्चेच्या पातळ थरातून झिरपत, सात-आठ मिलिमीटरपर्यंतचं अंतर कापून. पेशींनी तयार केलेलं लॅक्टिक आम्लही त्याच वाटेने बाहेर पडतं. वयोमानाने ती वाट बुजत गेली की आम्लता वाढते, पेशी उपाशी राहतात, मरतात. उरलेल्या पेशींमधून आयएल-१, टीएनएफ असे दाहाचे संदेश सुटतात आणि अ‍ॅग्रिकन कापणारी एन्झाइम्स वाढतात. नवा अ‍ॅग्रिकन फार सावकाश बनतो, त्यामुळे झीज भरून निघत नाही. मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते पुढचं: अ‍ॅग्रिकन चेतातंतूंनाही आत शिरू देत नाही. तो घटला की एरवी बाहेरच्या कडांपुरते असलेले तंतू दुखऱ्या गादीत खोलवर वाढलेले आढळतात.

कोलॅजनची पावडर पोटात पचते, तिची अमिनो आम्लं आणि बारीक तुकडे होतात. त्यातून गाभ्यातला अ‍ॅग्रिकन भरून येत नाही. तेवढे पैसे वाचवा.

आणि रिपोर्ट वाचून हबकू नका. २०१५ च्या एका आढाव्यात, पाठ अजिबात न दुखणाऱ्या विशीतल्या ३७ टक्के लोकांच्या गाद्या झिजलेल्या दिसल्या, ऐंशीच्या घरात ९६ टक्के. सिगारेट असेल तर सोडा, चालणं-फिरणं बंद करू नका. मात्र पायातली ताकद गेली, जांघेत बधिरपणा आला किंवा लघवी-शौचावरचा ताबा सुटला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.