नागपूर ते गुलमर्ग : एकाच जोडीवर सगळा डोंगर

नागपुरातून गुलमर्गला जाताना स्कीची एकच जोडी सोबत नेता येते. देशांतर्गत विमानातल्या नेहमीच्या पंधरा किलोंच्या मर्यादेत एक जोडी, काठ्या आणि थंडीचे कपडेच कसेबसे मावतात. त्यामुळे जी जोडी न्याल तिच्यावरच ताजा भुसभुशीत बर्फ, तुडवलेला बर्फ, वाऱ्याने घट्ट झालेला थर आणि सकाळचा कडक ट्रॅक (म्हणजे दाबून सपाट केलेला उतार) हे सगळं निभवावं लागतं. ज्यांना समांतर वळणं अंगवळणी पडली आहेत आणि जे वेगात, जोर लावून स्की करतात, त्यांच्यासाठी हा वृत्तांत आहे. नवशिक्यांनी तिथेच भाड्याने स्की घ्यावी, त्यातच शहाणपण आहे.

आमची वारी फेब्रुवारीत झाली. नागपूर–दिल्ली–श्रीनगर हा विमानप्रवास एकाच तिकिटावर काढा, म्हणजे दिल्लीत लांब बॅग उतरवून पुन्हा चढवावी लागत नाही. लांब सामान असल्याचं विमान कंपनीला तिकीट काढतानाच कळवा. काउंटरवर ऐनवेळी सांगितलं तर जागा नसल्याचं उत्तर मिळू शकतं. जून २०२५ पासून कटरा–श्रीनगर रेल्वे सुरू झाली आहे, त्यामुळे नागपूरहून कटऱ्यापर्यंत रेल्वेने जाऊन पुढची गाडी पकडणंही शक्य आहे. वेळ जास्त लागतो, पण वजनाची कटकट कमी होते. श्रीनगरहून गुलमर्ग सुमारे पन्नास किलोमीटर. टंगमर्गनंतरच्या शेवटच्या तेरा किलोमीटरच्या चढाला बर्फ पडल्यावर साखळ्या लावलेली गाडीच लागते. जाताना आणि परतताना एकेक दिवस मोकळा ठेवा, कारण बर्फवृष्टीत श्रीनगरची उड्डाणं रद्द होतात.

आता डोंगराबद्दल. गुलमर्ग सुमारे २,६५० मीटरवर आहे. गोंडोला म्हणजे तारेवरून चालणाऱ्या केबल कारचा पहिला टप्पा १९९८ मध्ये सुरू झाला, तो कोंगडोरीपर्यंत, म्हणजे सुमारे ३,१०० मीटरवर नेतो. २००५ मध्ये सुरू झालेला दुसरा टप्पा अफरवट डोंगराच्या खांद्यावर सुमारे ३,९५० मीटरवर सोडतो. नागपूर तीनशे मीटरच्या आसपास. एवढा फरक शरीराला एका दिवसात पचत नाही, म्हणून पहिला दिवस पहिल्या टप्प्यावरच काढा. तसंही जोराचा बर्फ पडला की दुसरा टप्पा बंद राहतो. वारा असतो आणि स्की पेट्रोलला, म्हणजे डोंगरावरच्या सुरक्षा पथकाला, उतारांवर साचलेला बर्फ स्फोटकांनी पाडून ते मोकळे करावे लागतात. ते होईपर्यंत झाडीतच फिरायचं.

स्कीच्या निवडीचं गणित इथेच आहे. वरचा टप्पा उघडल्यावर पहिल्या सकाळी गुडघाभर पावडर, म्हणजे ताजा भुसभुशीत बर्फ, मिळते आणि त्या दिवशी कुठलीही रुंद स्की छान वाटते. दुपारपर्यंत गोंडोलासमोरचा उतार तुडवून निघतो. मग दोन दिवस ऊन पडलं की उन्हाकडच्या बाजूंना कवच धरतं, धारेवर वाऱ्याने दाबलेला थर बसतो आणि खालच्या ट्रॅकवर सकाळी खडखडाट असतो. जोडी निवडायची ती या दिवसांसाठी, पावडरच्या सकाळसाठी नाही.

बाइंडिंगखालची (बूट स्कीला अडकवणाऱ्या साच्याखालची) रुंदी ९८ ते १०६ मिलिमीटर घ्या. जोरकस स्कीअरला इथे १०० ते १०२ सर्वांत चांगली जमते असं आमचं ठाम मत आहे. ११५ची स्की पावडरमध्ये तरंगते, पण कडक ट्रॅकवर एका कडेवरून दुसऱ्या कडेवर यायला वेळ घेते आणि तो सगळा ताण गुडघ्यांवर येतो. उलट ८० मिलिमीटरची, पूर्ण कमानीची ट्रॅकवरची स्की सपाट उतारावरच्या ताज्या बर्फात नाक खुपसते.

रुंदीइतकंच महत्त्व आतल्या बांधणीला आहे, आणि लोक इथेच घसरतात. लाकडी गाभ्याच्या वर-खाली टायटॅनल या ॲल्युमिनियम मिश्रधातूचे थर असलेली स्की तुडवलेल्या बर्फाच्या गोळ्यांवर उडत नाही, थरथरत नाही. १८४ सेंटीमीटर लांबीला एका स्कीचं वजन दोन किलोंच्या आसपास किंवा थोडं वर असेल तर ते योग्यच. चढाईसाठीच्या दीड किलोच्या हलक्या स्कीचा मोह टाळा. त्या वेगात उसळतात आणि स्कीअर मागे बसू लागतो. नॉर्डिका एनफोर्सर १००, वोल्कल मँट्रा १०२, के२ माइंडबेंडर ९९ टीआय, ब्लिझार्ड बोनाफाइड ९७ ही या घराण्यातली नावं. जुन्या वर्षांची मॉडेल्स सवलतीत मिळतात आणि कामात कमी पडत नाहीत. धातू नको असेल, झाडीत जास्त फिरायचं असेल, तर सॉलोमन क्यूएसटी १०६ मवाळ आहे. मात्र कडक बर्फावर तिची पकड तेवढी घट्ट नाही.

आकार बघताना स्की सपाट फरशीवर ठेवा. पुढचं टोक लवकर आणि लांबून उचललेलं हवं, बाइंडिंगखाली कमान हवी, म्हणजे मधला भाग फरशीपासून थोडा वर हवा, आणि मागचं टोक थोडंसंच उचललेलं हवं. मागचा भाग अगदी सपाट आणि ताठ असेल तर कवचाच्या बर्फात तो अडकतो आणि वळण संपतच नाही. वळणाची त्रिज्या १७ ते २० मीटर ठीक. उंची १७५ सेंटीमीटर आणि वजन ७५-८० किलो असलेल्या जोरकस स्कीअरने १८० ते १८५ सेंटीमीटर लांबी घ्यावी. टोकं उचललेली असल्याने ती वापरताना आखूड वाटते, म्हणून दुकानात लांबीला घाबरू नका.

बाइंडिंग घेताना आधी बुटाचा तळ तपासा. साधा अल्पाइन (उतारावरच्या स्कीचा) तळ, चालायला सोपा ग्रिपवॉक आणि चढाईचा टूरिंग तळ यांची मानकं वेगळी असतात, त्यामुळे बाइंडिंगवर तुमच्या तळाचं नाव असायलाच हवं. ब्रेक स्कीच्या रुंदीपेक्षा जास्तीत जास्त दहा मिलिमीटर रुंद असावा. जास्त रुंद घेतला तर वळताना तो बर्फात घासतो. सुटण्याचा आकडा, म्हणजे पडल्यावर किती जोर आला की बाइंडिंगने बूट सोडायचा ते, वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी आणि स्की करण्याची शैली यांवरून तक्त्यातून काढतात. तो बाइंडिंगच्या पट्ट्याच्या मधोमध यावा. उदाहरणार्थ आकडा ८ असेल तर ४ ते १३ची बाइंडिंग बरी. ताकद दाखवायला आकडा वाढवू नका. पडल्यावर स्की सुटली नाही तर गुडघ्याचा अस्थिबंध तुटतो.

स्की बसवणारा मेकॅनिक नागपुरात सापडणं कठीण, म्हणून खरेदीच्या ठिकाणीच भोकं पाडून, बाइंडिंगचा बुटावर पुढच्या दिशेने येणारा दाब तपासून घ्या. दुसरा पर्याय नसेल आणि एखाद्या वर्कशॉपमध्ये काम करून घ्यायचं असेल, तर धातूच्या थराच्या स्कीला ४.१ मिलिमीटरचा ड्रिल लागतो, बिनधातूच्या स्कीला ३.५. खोली ९ मिलिमीटरवर थांबणारा टप्प्याचा ड्रिलच वापरावा. साधा ड्रिल तळ फोडून बाहेर येतो. धातूच्या थरात आधी आटे पाडावे लागतात, नाहीतर स्क्रू फिरवताना थर वर उचलला जातो.

बूट मात्र केबिनच्या पिशवीत घ्या. बॅग हरवली तर भाड्याची स्की मिळेल, पायाला बसलेला बूट मिळणार नाही. स्कीचे तळ एकमेकांकडे करून मध्ये पुठ्ठा ठेवा, बाइंडिंगना इतवारीत मिळतो तो पांढरा पॅकिंग फोम गुंडाळा. फाइल, स्क्रूड्रायव्हर, खरवडणी चेक-इनमध्येच. हवेच्या पिशवीचा हिमस्खलन बॅकपॅक असेल तर त्याच्या सिलिंडरसाठी विमान कंपनीची आधी लेखी परवानगी घ्या. परतीच्या दिवशी श्रीनगर विमानतळावर तीन तास आधी पोचा. बाहेरच्या फाटकावरच सगळं सामान उतरवून तपासतात आणि लांब बॅगेला वेळ लागतो.

डोंगरावर सर्वांत जास्त नुकसान बर्फाखालच्या दगडांनी आणि खोडांनी होतं. बर्फ कमी असलेल्या वर्षी तर फारच. जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्ग जवळजवळ कोरडं होतं. तळाला ओरखडा असेल तर पी-टेक्सची (स्कीच्या तळासारख्या प्लास्टिकची) कांडी पेटवून भरता येतो. ज्योत निळी आणि तळाच्या अगदी जवळ ठेवा, पिवळ्या ज्योतीची काजळी मिसळली की भरलेला भाग निघून येतो. घाव गाभ्यापर्यंत गेला असेल तर कांडी चिकटत नाही, तिथे इपॉक्सीच लागतं. कडांना तळाकडून एक अंश आणि बाजूने दोन अंश कोन पुरे. टोकांजवळची धार डायमंड स्टोनने थोडी बोथट करा, नाहीतर कवचात स्की ओढली जाते.

पावडरमध्ये सुटलेली स्की सापडता सापडत नाही. ब्रेक आत बुडतो आणि स्की बर्फाखालून पुढे सरकत राहते. दीड-दोन मीटरची भडक रंगाची पट्टी बाइंडिंगला बांधून पॅन्टच्या पायात खोचून ठेवा. ट्रान्सीव्हर (बर्फात गाडला गेलेला माणूस शोधायचं रेडिओ यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) आणि फावडं प्रत्येकाच्या अंगावर हवंच, सोबत्याकडे असून उपयोग नाही. ट्रान्सीव्हरमध्ये अल्कलाइन बॅटरी घाला आणि मोबाइल त्यापासून किमान वीस सेंटीमीटर, शोध घेताना पन्नास सेंटीमीटर दूर ठेवा. अफरवटचा पेट्रोल केलेला भाग सोडला की बाकी उतारांची जबाबदारी कुणाचीच नसते. फेब्रुवारी २०२३ आणि फेब्रुवारी २०२४, दोन्ही वर्षी इथे परदेशी स्कीअर हिमस्खलनात दगावले. स्थानिक वाटाड्या घ्याच.

वरचा टप्पा बंद असेल तेव्हा मंकी हिलच्या झाडीतून बाबा रेशीकडे उतरा. खाली जीप आधी ठरवून ठेवा. झाडांमधल्या अरुंद वाटेवर धातूची स्की पाय थकवते, म्हणून हा उतार सकाळी करा.

परतल्यावर नागपूरच्या उन्हाळ्याचा विचार करा. कडा कोरड्या पुसून, तळावर वॅक्सचा जाड थर देऊन तो न खरवडता तसाच ठेवा. वॅक्स कडांवरही येऊ द्या, म्हणजे पावसाळ्यात गंज धरत नाही. कपड्यांची इस्त्री वापरू नका, तिचं तापमान वरखाली होतं आणि तळ जळतो. गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत किंवा गाडीच्या डिकीत मे महिन्यात स्की ठेवली तर थरांमधलं इपॉक्सी सैल पडू लागतं. घरातल्या सर्वांत थंड खोलीत, भिंतीला आडवी, मधोमध पट्टा न आवळता ठेवा आणि पिशवीत सिलिका जेलच्या पुड्या टाका.