१६० ओळींचा प्रकल्प

सबटायटल्स आवाजाच्या मागे-पुढे पडतात, ती जागेवर आणणारा एक छोटा प्रोग्राम मी लिहिला. जेमतेम १६० ओळी. दोघातिघांनी मागितला, तेव्हा तो मुक्त सॉफ्टवेअर म्हणून सगळ्यांसाठीच ठेवावा असं ठरवलं आणि एका होस्टिंग सेवेकडे अर्ज केला. तिथे स्वयंसेवक आधी कोड तपासतात, मगच जागा देतात.

आठवड्याने उत्तर आलं: प्रकल्प फारच लहान आहे, एखाद्या मोठ्या प्रकल्पात घालता येतो का पाहा.

मला ते लागलं. त्यांची अडचण कळत होती. तपासणारी माणसं मोजकी, आणि चार दिवसांत सोडून दिलेले प्रकल्पही त्यांनाच सांभाळावे लागतात. पण ओळी मोजणं हे मापच चुकीचं आहे. मार्च २०१६ मध्ये ‘लेफ्ट-पॅड’ हे जावास्क्रिप्टचं पॅकेज त्याच्या लेखकाने एनपीएम या अशा पॅकेजांच्या सार्वजनिक भांडारावरून काढून घेतलं. अवघ्या ११ ओळी, काम काय तर मजकुराच्या डावीकडे रिकाम्या जागा भरणं. पण बॅबेलसारखी मोठी साधनं त्यावर विसंबून होती आणि ठिकठिकाणचे बिल्ड, म्हणजे कोडपासून चालता प्रोग्राम तयार करण्याची कामं, अडले. हेच मी उत्तरात लिहिलं. शिवाय विचारलं, की ज्याला फक्त एक फाइल दुरुस्त करायची आहे त्याने त्यासाठी अख्खा व्हिडिओ प्लेअर उतरवून घ्यायचा का?

या वेळी अर्ज दुसऱ्या स्वयंसेवकाकडे गेला. त्यांनी आकाराबद्दल चकार शब्द काढला नाही, कोड मात्र ओळ न ओळ वाचला. जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या लायसन्सची प्रत मी जोडली होती, पण फाइलींच्या सुरुवातीला प्रताधिकार आणि लायसन्सची नोंद नव्हती. ती घातली. मग प्रश्न आला, “वेळ वाचणारं हे फंक्शन कुठलं?”

एसआरटी या सबटायटल्सच्या फाइलमध्ये वेळ ००:०१:०२,५०० अशी लिहितात; सेकंदांनंतर टिंब नाही, स्वल्पविराम. तेवढ्यासाठीच्या २२ ओळी मी इंटरनेटवरून उचलल्या होत्या. लायसन्स लिहिलेलं नाही म्हणजे घ्यायला मोकळं, असं मी धरून चाललो होतो. प्रत्यक्षात उलट असतं. प्रताधिकार आपोआप लागतो आणि लेखकाने परवानगी दिली नसेल तर ती नसतेच. त्या रात्री तो तुकडा काढून टाकला आणि फंक्शन माझ्या पद्धतीने नव्याने लिहिलं. मोठ्या प्रकल्पात हा कोड मिसळला असता, तर त्या २२ ओळी कुणाच्या नजरेला पडल्या असत्या का, शंकाच आहे.

२३ व्या दिवशी मंजुरी आली. महिन्याभरात एका अनोळखी व्यक्तीने पॅच पाठवला: काही फाइलींच्या सुरुवातीला बीओएमचे, म्हणजे मजकुराचं एन्कोडिंग सांगणाऱ्या खुणेचे, तीन अदृश्य बाइट असतात, त्यामुळे पहिलंच सबटायटल गळत होतं. दुरुस्ती दोन ओळींची होती. मी ती त्याच संध्याकाळी घेतली.