मारुती 800 चा सेल्फ फिरतो, पण गाडी सुरू होत नाही

कार्ब्युरेटरवाली मारुती 800 अडून बसली की पहिला सल्ला ठरलेला असतो: प्लग बदला. मग कॉइल, मग वायरी, मग कार्ब्युरेटरचं किट. एवढं सगळं बदलून झाल्यावर दोष निघतो इंजिनच्या अर्थिंगच्या पट्टीत, म्हणजे करंट इंजिनमधून बॅटरीकडे परत नेणाऱ्या पट्टीत! म्हणून पाना हातात घेण्याआधी किल्ली फिरवून नीट ऐका.

नुसताच 'टक्' आवाज आला किंवा सेल्फ रडतरडत फिरला, तर पेट्रोलच्या वाटेला जाऊच नका. बॅटरीला मल्टिमीटर लावा. पूर्ण चार्ज बॅटरी 12.6 व्होल्ट दाखवते, 12.2 म्हणजे अर्धी. सेल्फ मारताना व्होल्टेज 9.6 च्या खाली गेलं तर बॅटरी उतरलेली आहे किंवा संपलेली आहे. व्होल्टेज चांगलं राहूनही सेल्फ रडत असेल, तर अर्थिंग बघा. मीटरची काळी वायर बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर धरा (क्लॅम्पवर नाही, खुद्द खांबावर) आणि लाल वायर इंजिनच्या उघड्या धातूवर. दुसऱ्या कुणाला सेल्फ मारायला सांगा. आकडा 0.5 व्होल्टच्या वर गेला तर करंट परतीच्या वाटेवर अडतोय. बॅटरीच्या निगेटिव्हपासून इंजिनपर्यंत तात्पुरती जंपर केबल लावा. सेल्फ लगेच जोमात फिरला तर खात्रीच झाली. पट्टीचे बोल्ट सोडून, दोन्ही बाजू धातू चकाकेपर्यंत काचपेपरने घासून, घट्ट आवळा आणि मगच वरून व्हॅसलिन लावा. टर्मिनलवरचा पांढरा-हिरवा फुलोरा खायचा सोडा घातलेल्या गरम पाण्याने जातो. बॅटरी काढताना आधी निगेटिव्ह, बसवताना निगेटिव्ह शेवटी.

सेल्फ नेहमीपेक्षा हलका आणि एका लयीत भिरभिरतोय, मधले दाब जाणवतच नाहीत? डिस्ट्रिब्यूटरची (प्रत्येक प्लगला आळीपाळीने करंट वाटणाऱ्या भागाची) कॅप उघडून सेल्फ मारा. या इंजिनात डिस्ट्रिब्यूटर कॅमशाफ्टवरून फिरतो. त्याच्या आतला फिरता रोटर जागचा हलत नसेल तर टायमिंग बेल्ट गेला. मग पुढचं काहीच तपासायचं कारण नाही, गाडी टो करून न्या.

सेल्फ जोरात फिरतो, रोटरही फिरतो, तरी इंजिन पकडत नाही, अशा वेळी आधी करंट, मग पेट्रोल. हा क्रम उलटा करू नका, कारण ठिणगी नसताना सेल्फ मारत राहिलं की प्लग पेट्रोलने भिजतात आणि एकाचे दोन दोष होतात.

एक प्लग काढून त्याच्या वायरीत बसवा, प्लगचं धातूचं अंग इंजिनला टेकवा, इन्सुलेटेड पकडीने धरा आणि सेल्फ मारा. प्लगच्या भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर येते, त्यामुळे ठिणगी भोकापासून लांबच हवी. निळी, कडकडीत ठिणगी म्हणजे ठीक. पिवळी, मरतुकडी म्हणजे नाही. प्लगचा गॅप 0.7 ते 0.8 मिलिमीटर.

ठिणगी नसेल तर कॅप आतून बघा, आणि कोकणातल्या पावसाळ्यात तर सगळ्यात आधी तिथेच बघा. आत दव धरलेलं असतं. कोरड्या फडक्याने पुसून उन्हात तिरपी धरा. दोन टोकांच्या मध्ये पेन्सिलने ओढल्यासारखी बारीक काळी रेघ दिसली, तर त्या रेघेवरून करंट पळतोय. पुसून ती जात नाही, कॅप बदलावीच लागते. रोटरचा दोष मात्र डोळ्यांना दिसत नाही. कॉइलची (प्लगसाठी जास्त व्होल्टेज बनवणाऱ्या गुंडाळीची) मधली वायर कॅपमधून काढून, इन्सुलेटेड पकडीने रोटरच्या पितळी पट्टीच्या 5-6 मिलिमीटर वर धरा आणि सेल्फ मारा. ठिणगी पट्टीवर उडाली तर रोटर आतून फुटलाय आणि करंट थेट शाफ्टमध्ये उतरतोय. वायरी परत लावताना फायरिंग ऑर्डर (सिलिंडर पेटण्याचा क्रम) 1-3-2.

पॉइंटवाल्या (करंट जोडणारे-तोडणारे संपर्क असलेल्या) डिस्ट्रिब्यूटरमध्ये पॉइंटचा गॅप 0.4 ते 0.5 मिलिमीटर, तोही कॅमचा उंचवटा पॉइंटच्या टाचेखाली आल्यावर फीलर गेजने मोजायचा. एका पॉइंटवर खड्डा आणि समोरच्यावर टेंगूळ असेल तर नुसतं घासून भागत नाही, कंडेन्सरही बदला. गॅप बदलला की टायमिंग सरकतं, तेही परत तपासा. किल्ली ऑन ठेवून गप्पा मारत बसू नका; पॉइंट मिटलेले असले तर कॉइल तापून जाते.

एक लक्षण बऱ्याच मिस्त्र्यांच्याही नजरेतून सुटतं. सेल्फ मारताना काही नाही, पण किल्ली सोडल्याक्षणी इंजिन एकदा पेटून बंद पडतं. अशा वेळी सेल्फ मारताना कॉइलच्या पॉझिटिव्हवर व्होल्टेज मोजा. तिथे शून्य आलं तर इग्निशन स्विचचा तेवढाच कॉन्टॅक्ट गेलाय.

ठिणगी चांगली असेल तर पेट्रोलकडे या. एअर क्लीनरचं झाकण काढून कार्ब्युरेटरच्या तोंडात बघत ॲक्सिलरेटर दाबा. बारीक धार दिसली पाहिजे. नसेल तर कॉइलची मधली वायर काढून इंजिनला टेकवा, पंपाकडून कार्ब्युरेटरला येणारी नळी बाटलीत सोडा आणि सेल्फ मारा. पेट्रोल ठोक्याठोक्याने उडायला हवं. येत नसेल तर फिल्टर आणि टाकीकडची रबरी नळी बघा. त्या बाजूला भेग असली तर पेट्रोल गळत नाही, उलट पंप हवा ओढतो. इथेनॉलमिश्रित पेट्रोल जुन्या रबराला मानवत नाही, म्हणून इथेनॉलला चालणारी नळीच घाला. पंपाचा डायफ्राम फाटला तर पेट्रोल इंजिन ऑइलमध्येही उतरतं. डिपस्टिकला वास येत असेल तर ऑइल बदलल्याशिवाय गाडी सुरू करू नका. कार्ब्युरेटरच्या तोंडात पेट्रोल ओतायचा प्रकार तर नकोच, बॅकफायर झाला तर भडका थेट तोंडावर येतो.

पेट्रोलचा उग्र वास आणि ओले प्लग म्हणजे गाडी फ्लड झालीय, सिलिंडरमध्ये जास्तीचं पेट्रोल साचलंय. चोकची नॉब पूर्ण आत ढकललेली, ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून धरायचा, पंप करायचा नाही, आणि 10 सेकंद सेल्फ. अर्धा मिनिट थांबून पुन्हा. दर वेळी असंच होत असेल तर फ्लोटची सुई (कार्ब्युरेटरमध्ये येणारं पेट्रोल अडवणारी) कचऱ्याने अडकलेली असते.

ठिणगी आहे, पेट्रोल आहे, तरीही नाही? कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) मोजा. तिन्ही सिलिंडरमध्ये दर चौरस सेंटिमीटरला 1 किलोपेक्षा जास्त फरक नको. कमी असलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजा: आकडा वाढला तर रिंगा गेल्यात, नाही वाढला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट.