आमची वाटचाल : मागच्या बाकावरून

दादरला एका जुन्या इमारतीत, पहिल्या मजल्यावर दीड खोली भाड्याने घेऊन आम्ही मुलांसाठी वर्तनोपचार केंद्र सुरू केलं. वर्तनोपचार म्हणजे मूल त्रासदायक का वागतं ते शोधून ते वागणं बदलायचं काम. मी आणि माझी मैत्रीण, दोघी जुहूच्या एसएनडीटीतून विशेष शिक्षणात बी.एड. केलेल्या. खाली वडापावची गाडी, समोर लग्नाचा हॉल. आवाजाने बावचळणाऱ्या मुलांसाठी याहून वाईट जागा शोधून सापडली नसती, पण डिपॉझिट परवडत होतं.

पहिली दोन वर्षं फक्त केंद्र चालवलं. शाळा सुटली की मुलं यायची, टेबलाशी पाऊण तास बसायची, आमच्यासमोर शहाण्यासारखी वागायची. दुसऱ्या दिवशी शाळेतून आईला फोन : 'आज पुन्हा चावला.' आई आमच्याकडे बघायची, आम्ही डायरीकडे. डायरीत सगळ्या बरोबरच्या खुणा! दीड खोलीत शिकलेलं भरलेल्या वर्गात उतरत नाही, हे कळेपर्यंत निम्मे पालक निघून गेले होते.

मग 2016 साली दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा आला. 1995च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे 7 प्रकार होते, त्यांचे 21 झाले. स्वमग्नता (ऑटिझम) आणि अध्ययन अक्षमता यादीत आल्या. अनुदानित आणि मान्यताप्राप्त शाळांनी भेदभाव न करता प्रवेश द्यायचा, असंही त्यात आहे. शाळांचे फोन सुरू झाले. प्रेमापोटी कमी आणि धास्तीपोटी जास्त, असं माझं मत. पण दार उघडलं हे खरं.

पहिली शाळा परळ भागातली, मराठी माध्यमाची. तिसरीतला मुलगा, तक्रार एकच : वह्या फाडतो. बाई म्हणाल्या, 'याला तुमच्या सेंटरला घेऊन जा आणि नीट करून पाठवा.' आम्ही पाच दिवस मागच्या बाकावर बसायची परवानगी मागितली. कागदावर तीन रकाने : आधी काय घडलं, मुलाने काय केलं, त्यानंतर काय झालं. आमच्या कामाचा कणा एवढाच आहे, बाकी सगळं त्यावर चढतं.

पाच दिवसांत 11 वेळा वही फाटली, त्यातल्या 9 वेळा शुद्धलेखनाच्या तासाला. तिसऱ्या रकान्यात प्रत्येक वेळी एकच नोंद : 'बाहेर उभा राहा.' बाहेर कोण, तर शिपाई मामा. मामांना पोराची दया यायची. ते त्याला स्टुलावर बसवायचे आणि तास संपला की घंटेचा टोल त्याच्या हातून वाजवून घ्यायचे. शिक्षा कसली, बढतीच ती! शुद्धलेखन टळायचं आणि वर घंटा मिळायची. त्याच्या जागी मीही वही फाडली असती.

कार आणि ड्युरँड या दोन मानसशास्त्रज्ञांनी 1985 साली दाखवून दिलं होतं, की मूल त्रासदायक वागून जे मिळवतं तेच मागायची सोपी रीत शिकवली, तर ते वागणं कमी होतं. आम्ही त्याला एक लॅमिनेट केलेलं कार्ड दिलं : 'जरा थांबू?' कार्ड वर केलं की दोन मिनिटं सुट्टी, वर्गातच. दहा ओळींच्या तीन ओळी केल्या. तीन ओळी लिहून झाल्या, की त्या तासाची घंटा त्याची. मामांना विश्वासात घेतलं. ते बाईंपेक्षा लवकर तयार झाले.

दुसऱ्या आठवड्यात त्याने बाईंचं हजेरीपत्रक फाडलं. मुख्याध्यापिकांनी आम्हाला केबिनमध्ये बोलावून चांगलंच सुनावलं. नेहमीची युक्ती चालेनाशी झाली, की मूल आधी तीच जोर लावून करून बघतं. बंद लिफ्टचं बटण आपण चारचारदा दाबतो ना, तसं. हे आम्हाला पाठ होतं, शाळेला सांगायचं राहिलं होतं. चूक आमचीच. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत फाडाफाडी आठवड्यातून एखाद्या वेळेवर आली.

दुसरी चूक जास्त बोचणारी. सुरुवातीच्या आमच्या तक्त्यांत 'डोळ्यांत बघणे' आणि 'हात न फडफडवणे' अशी उद्दिष्टं असायची. एका आईने तक्ता परत केला. 'मॅडम, हात हलवले की तो शांत होतो. तेवढं तरी त्याचं राहू द्या.' मोठ्या झालेल्या स्वमग्न व्यक्ती वर्तनोपचारावर हाच आक्षेप घेतात. या शाखेच्या जुन्या इतिहासात मुलांना चापट्या आणि विजेचे धक्केही आहेत, ते लपवण्यात अर्थ नाही. ती उद्दिष्टं आम्ही काढून टाकली. स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा होते का, शिकणं अडतं का, एवढंच आता बघतो.

पालक अजून 'उपचार आठवड्याला 40 तास' असं ऐकून येतात. तो आकडा मानसशास्त्रज्ञ लोव्हास यांच्या 1987च्या अमेरिकेतल्या अभ्यासातला, आणि ती मुलं सुरुवातीला चार वर्षांच्या आतली. शाळा, ट्यूशन आणि डोंबिवली लोकल सांभाळणाऱ्या मुलाचे 40 तास आणायचे कुठून? वर्गातल्या बाईंनी रोज 15 मिनिटं ठरल्याप्रमाणे केलं, तरी मी खूश असते.

लॉकडाऊनने केंद्र बंद पाडलं. दीड खोली सोडली ती सोडलीच. आज आम्ही सातजणी आहोत, ऑफिस म्हणजे माझ्या घरचं जेवणाचं टेबल. मुली शिकून तयार झाल्या की दुबईला जातात. एका शाळेने आठ महिने बिल थकवलं आणि आम्हाला खेळाच्या सामानाच्या खोलीत बसवलं. बिल शेवटी मिळालं, लेझीमच्या ढिगाशेजारी बसून मागितल्यावर.

करारात पहिलं कलम आता ठरलेलं आहे : पहिले पाच दिवस आम्ही मुलाला हात लावणार नाही, मागचा बाक आणि तीन रकाने फक्त. दुसरं : शिपाई मामा आणि मावशी मीटिंगला हव्यात. या जूनमध्ये दोन शाळांनी पहिलं कलम खोडून कागद परत पाठवला, 'पाच दिवस नुसतं बसायचे पैसे कशाचे?' तिसऱ्या शाळेत सोमवारी जायचंय. बाक लहान आहेत म्हणे, पहिलीचा वर्ग आहे.