वही नंबर दोन: १६४ नामं, आणि एक नवा रकाना

इंग्रजीत कुठल्या नामाला 'इज' लावायचं आणि कुठल्याला 'आर', हे मी एका वहीत टिपतो. मागच्या नोंदीच्या वेळी वहीत ९० नामं होती. आज सकाळी मोजली, १६४ भरली. पण या खेपेला आकड्यापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे वहीची मांडणीच बदलली.

आधी मी पान मधोमध दुमडायचो. डावीकडे 'इज'वाली नामं: न्यूज, मॅथेमॅटिक्स, मीझल्स, लगेज, इन्फर्मेशन. उजवीकडे 'आर'वाली: पोलीस, कॅटल, सिझर्स, ट्राउझर्स. पाठ व्हायचं, पण लिहायला बसलं की ऐन वेळी आठवायचं नाही. माझं काम द्राक्षांच्या निर्यातीच्या कागदपत्रांचं. हंगामात एका परदेशी खरेदीदाराला मी लिहिलं, 'द फ्रूट्स आर इन गुड कंडिशन'. त्याचं उत्तर आलं त्यात 'द फ्रूट इज' होतं. त्याने चूक काढली नव्हती, सहज लिहिलं होतं. पण मी तिथेच अडकलो. कंटेनरभर मणी, आणि इज?

उत्तर लासलगावच्या मार्केट यार्डात मिळालं. कांद्याच्या ट्रॅक्टरांची रांग लागली होती. पुढच्या ट्रॅक्टरवरचे काका फोनवर सांगत होते, "कांदा भरपूर आलाय, पण ओला आहे." संध्याकाळी घरी आलो तर बायको म्हणाली, "अहो, दोन कांदे चिरून द्या." यार्डात कांदा एकवचनी, विळीवर अनेकवचनी. यार्डात रास दिसते, विळीवर नग दिसतो. आमचे बागायतदार द्राक्षांबद्दलही असंच बोलतात: "माल चांगला आहे." कुणी 'मणी चांगले आहेत' म्हणत नाही. खरेदीदाराचं 'फ्रूट इज' म्हणजे शुद्ध 'माल चांगला आहे'.

त्या रात्री वहीत तिसरा रकाना आखला: मराठीत काय म्हणतो. आता प्रत्येक नामासमोर एक साधं मराठी वाक्य असतं आणि एकच प्रश्न: रास की नग?

काही जोड्या लगेच जुळल्या. सामान आलं, लगेज इज. पोलीस आले, पोलीस आर. 'अ नंबर ऑफ स्टुडंट्स आर' आणि 'द नंबर ऑफ स्टुडंट्स इज' यांनी मला दोन वर्षं छळलं होतं. रकान्यात 'बरीच मुलं आली' आणि 'मुलांची संख्या वाढली' असं लिहिलं आणि गाठ सुटली. पहिल्यात मुलं कर्ता, दुसऱ्यात संख्या.

खरी मजा मात्र जिथे दोन भाषा भांडतात तिथे आहे. आपले पैसे संपतात, त्यांचं मनी इज. आपण तांदूळ निवडले म्हणतो, त्यांचं राइस इज. उलट आपली कात्री एक, चष्मा एक, पँट एक. इंग्रजीला त्यात दोन पाती, दोन काचा, दोन पाय दिसतात, म्हणून आर. पुढे 'अ पेअर ऑफ' लावलं की क्रियापद पेअरच्या मागे जातं आणि इज होतं. सर्वांत आवडलेली नोंद केसांची. 'केस गळतायत' हे आपलं अनेकवचन, त्यांचं 'हेअर इज'. पण आमटीत केस निघाला की तेही 'अ हेअर' म्हणतात, आणि दोन निघाले तर 'टू हेअर्स'. म्हणजे रास आणि नग त्यांनाही कळतात, फक्त डोक्यावरच्या केसांकडे ते रास म्हणून बघतात.

शेवटच्या 'स'ने किती जणांना फसवलंय, याचा शोध घ्यायला मी दोन शनिवार सावानात, म्हणजे नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयात बसलो. (ते १८४० पासूनचं आहे, शब्दकोश घेऊन बसायला नाशकात दुसरी अशी जागा मला माहीत नाही.) तिथे 'पी'ची कथा सापडली. वाटाण्याला जुन्या इंग्रजीत 'पीज' म्हणत आणि ते एकवचन होतं. लोकांना शेवटचा आवाज अनेकवचनाचा वाटला, त्यांनी तो काढला आणि १७व्या शतकात 'पी' हा नवाच शब्द जन्माला आला. 'चेरी'चंही तसंच, मूळ फ्रेंच शब्दाच्या शेवटी 'ज' होता. याच्या उलट 'न्यूज'. त्यातला 'स' खरोखर अनेकवचनाचा, नवनव्या गोष्टी अशा अर्थाचा. काही शतकांपूर्वी तो शब्द अनेकवचनीही चालायचा. आज फक्त इज.

देशांच्या नावातही हे घडलंय. अमेरिकेच्या घटनेतल्या १८६५च्या तेराव्या दुरुस्तीत युनायटेड स्टेट्ससाठी 'देअर' वापरलंय. तेव्हा त्यांना राज्यं दिसत होती, आज एक देश दिसतो. क्रिकेटमध्ये मात्र इंग्रज समालोचक अजून 'इंग्लंड आर' म्हणतो, त्याला अकरा जण दिसतात. आपण 'भारत जिंकला' म्हणतो.

एक दुरुस्ती. मागच्या वेळी मी 'डेटा आर' हेच बरोबर असं ठासून लिहिलं होतं. ते मागे घेतो. डेटम-डेटा ही लॅटिन एकवचन-अनेकवचनाची जोडी खरी, आणि शास्त्रीय लेखनात आर टिकूनही आहे, पण रोजच्या इंग्रजीत इज पक्कं रुळलंय. 'अजेंडा'सुद्धा मूळचं अनेकवचनच, त्याला आता कुणी आर लावत नाही. 'क्रायटेरिया'ला अजून ही सूट नाही, तिथे एकासाठी क्रायटेरियन.

आणि वहीचं शेवटचं पान, 'हट्टी'. जिथे रास-नग चालत नाही ती नामं तिथे जातात. सध्या ११ आहेत. पहिलं ओट्स: व्हीट इज, पण ओट्स आर. दोन्ही धान्यं, दोन्ही पोत्यात, दोन्हींची रासच. मी डब्यातले ओट्स ताटात पसरून बघितले, शेजारी मूठभर गहू ठेवले. ओट्सचा दाणा चपटा, मोठा, सुटा दिसतो हे खरं, पण गव्हाचाही सुटाच दिसतो. 'हट्टी'मधून ते नाव अजून खोडलेलं नाही. पुढच्या आठवड्यात फॅमिली, स्टाफ आणि कमिटी घेतोय.