तुम्ही विचारलंत म्हणून: बुद्ध्यांकाचा आकडा फोनवर का सांगत नाही?

"मॅडम, रिपोर्टचं पाहू नंतर. आकडा किती आला तेवढं सांगा ना."

चाचणी सकाळी झाली की संध्याकाळी हा फोन ठरलेला. अमरावतीत मुलांच्या मानसशास्त्रीय चाचण्या घेते त्याला आता एकोणीस वर्षं होतील, आणि बुद्ध्यांक मी फोनवर सांगत नाही. काहींना वाटतं, पुन्हा बोलावून फी काढायचा हा बेत आहे. (रिपोर्ट समजावून सांगायचे मी वेगळे पैसे घेत नाही, हे एकदा लिहून टाकते.) तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी कारण विचारलंत, म्हणून सांगते. कारण फार तात्त्विक नाही. पूर्वी मी सांगायचे.

चौथीतला मुलगा होता. वाचत नाही, फळ्यावरचं उतरवत नाही, तोंडी विचारलं तर मात्र बरं सांगतो, अशी शाळेची चिठ्ठी घेऊन आई आली होती. वडिलांचं मोटर वाइंडिंगचं दुकान. संध्याकाळी त्यांचा फोन आला तेव्हा मी खुशीतच म्हटलं, "92 आलाय. नॉर्मलमध्ये आहे, काळजी करू नका." चांगली बातमी द्यायला कुणाला आवडत नाही?

आठवड्यानं आई पुन्हा आली. पोराच्या पोटरीवर वळ होते. वडिलांचा हिशेब सरळ होता. डोकं ठीक आहे ना, खुद्द मॅडम म्हणतात. मग वाचत नाही म्हणजे माजला आहे. तोवर 'बिचाऱ्याला समजतच नाही' म्हणून तो सुटत होता. मी त्याला नॉर्मल ठरवलं आणि मार खायला लावला.

आता तो 92 कुठून आला ते बघा. त्याला दिलेली चाचणी डॉ. मालिन यांची. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ वेश्लरच्या बुद्धिमापन चाचणीवरून भारतीय मुलांसाठी त्यांनी ती नागपुरात बसवली, 1969 ची. आपल्या विदर्भातलीच म्हणा ना. तिचे दोन भाग असतात. एक बोलून उत्तरं द्यायचा, दुसरा हातानं करायचा: ठोकळे जुळवणं, भुलभुलैयातून वाट काढणं, तुकड्यांतून वस्तू उभी करणं. दोन्ही भागांचे वेगळे बुद्ध्यांक निघतात आणि त्यांची सरासरी काढून शेवटचा आकडा येतो. या मुलाचा भाषेचा भाग 78 होता, हातांचा 106. बेरीज करा, दोनानं भागा. 92. घरात एक भाऊ उपाशी आणि दुसऱ्याला अजीर्ण, तर सरासरीनं दोघेही व्यवस्थित जेवले, त्यातली गत. 92 चा मुलगा माझ्यासमोर बसलाच नव्हता. बसला होता तो 78 आणि 106 चा.

आणि हे मला त्या सकाळीच दिसलं होतं. बोलण्याच्या प्रश्नांना तो भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहायचा. उत्तर माहीत असायचं, पण शब्द हाती लागेना, मग हवेत हातानं वस्तूचा आकार काढून दाखवायचा. आकडे उलटे म्हणायला सांगितले की टेबलाखाली बोटं मोडायला लागायचा. मग मी ठोकळे काढले. गडी खुर्चीवर गुडघे घेऊन बसला, जीभ ओठाच्या कोपऱ्यात. कार्डावरच्या नमुन्याकडे एकदा पाहिलं आणि दोन्ही हात सुरू. ठोकळा फिरवून बघणं नाही, चाचपणं नाही. वेळ उरला. वर विचारतो, "अजून हायेत?" (नेमके कोणते प्रश्न असतात ते मी इथे लिहिणार नाही. उद्या एखादा क्लासवाला पाठ करून घ्यायचा.)

फोनवर यातलं काहीच सांगितलं गेलं नाही. गेला तो फक्त आकडा.

पुढे त्याची वाचनाची तपासणी केली. दुसरीच्या पुस्तकातला उतारा. शब्दाचं पहिलं अक्षर धरायचा आणि पुढचं अंदाजानं ठोकायचा: 'सकाळी'चं 'सगळे', 'पाऊस'चं 'पाणी'. ही अध्ययन-अक्षमता. बुद्धी बरी असून वाचन-लेखनाचंच घोडं अडतं, म्हणून तर आधी बुद्ध्यांक काढावा लागतो. साधारण 85 च्या वर असेल तर पुढची तपासणी, अशी पद्धत आहे. आता 84 आलेल्या मुलाचं काय, हा प्रश्न मला छळतो. कारण त्याच मुलाला सर्दी नसलेल्या दिवशी बसवलं तर चार-पाच गुण इकडे-तिकडे सहज होतात. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात ज्या 21 प्रकारांची यादी आहे, त्यात ही अक्षमता आहे. प्रमाणपत्र असलं तर परीक्षेत तासामागे वीस मिनिटं जास्त मिळतात, गरज असेल तर लेखनिक मिळतो. एका गुणावरून एवढं लटकलेलं असतं.

गंमत म्हणजे ज्याच्या नावानं हे सगळं सुरू झालं, त्या फ्रेंच मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेड बिनेनं बुद्ध्यांक काढलाच नव्हता. पॅरिसमधल्या कोणत्या मुलांना वेगळ्या पद्धतीनं शिकवावं लागेल हे ओळखायला त्यानं आणि त्याचा सहकारी सिमोननं 1905 मध्ये चाचणी केली. बुद्धी जन्मजात ठरलेली असते आणि वाढतच नाही, असं मानणाऱ्यांवर तो चिडलेला होता. 1911 मध्ये तो वारला, आणि मानसिक वयाला (म्हणजे मुलाला किती वर्षांच्या मुलाइतकं जमतं त्याला) खऱ्या वयानं भागायची कल्पना जर्मन मानसशास्त्रज्ञ विल्यम स्टर्ननं मांडली ती पुढच्या वर्षी. मग सगळं जग भागाकारालाच लागलं. आपल्याकडे धारवाडच्या डॉ. कामतांनी बिनेची चाचणी कन्नड आणि मराठी मुलांसाठी बसवली. बिने-कामत अजूनही कितीतरी दवाखान्यांत वापरतात. चाचणी चांगली, पण निकष जुने. जेम्स फ्लिन या संशोधकानं दाखवून दिलंय की पिढी बदलते तसे गुण वर सरकतात. म्हणजे आजच्या मुलाला पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या मुलांशेजारी उभं केलं तर तो आहे त्यापेक्षा उंच दिसणार.

भाषेचं तर विचारूच नका. माझ्याकडे पुण्याकडची एक मुलगी शिकायला होती. हुशार, मेहनती. एका पोरीनं गुडघ्याला 'टोंगळा' म्हटलं आणि हिनं पुढे शून्य मांडला. अख्खा वऱ्हाड टोंगळाच म्हणतो! मी त्या दिवशी तिच्या मागच्या सगळ्या उत्तरपत्रिका काढून पुन्हा तपासल्या. आणखी दोघांचे गुण वाढले.

म्हणून आता मी आई आणि वडील दोघांनाही बोलावते. एकट्या आईला रिपोर्ट दिला की तो घरी जाऊन आरोपपत्र होतो. आधी आलेख पुढे ठेवते, कुठे पट्टी उंच, कुठे बुटकी. आकडा शेवटच्या पानावर असतो. लपवत नाही, तो त्यांचा हक्क आहे. पण तिथवर येईस्तोवर निम्म्या लोकांना त्याची घाई उरलेली नसते. शेवटची पाच मिनिटं मुलाची. त्याला कळेल अशा भाषेत त्याचं त्याला सांगायचं. हे मला कोणी शिकवलं नव्हतं.

वाइंडिंगवाल्या वडिलांनाही मी तेव्हा बोलावलं. माफी मागितली. त्यांनी दोन पट्ट्यांकडे बराच वेळ पाहिलं. म्हणाले, "माह्यंबी असंच हाय मॅडम. मोटर खोलली की समजते. बुक वाचलं की नाई."

तो पोरगा चौदाव्या वर्षी पुन्हा आला, प्रमाणपत्रासाठी पुन्हा तपासणी लागते म्हणून. मिसरूड फुटलेली, आवाज फुटलेला. आई फी भरत होती. तो दारातूनच माझ्या कपाटाकडे बघत होता.

"थे ठोकळे हायेत ना मॅडम अजून?"