मायको सर्कल आणि काळा पडदा

मायको सर्कलला सोडा म्हटलं की नाशिकचा रिक्षावाला मीटरचं नाव न काढता भाडं सांगतो, पण मायको म्हणजे काय, असं विचारत नाही. मायको ही कंपनी, तिचं नाव 2008 साली बॉश झालं. चौक मात्र मायकोचाच राहिला आणि कुणाचं काही अडलं नाही, कारण विचारायला पानवाला असतो, बसची वाट बघणारी मावशी असते. कॉम्प्युटरला असं कुणी नसतं. सुरू होताना त्याला एकच पत्ता माहीत असतो आणि त्या पत्त्यावर कुणी राहत नसेल, तर तो तिथेच हटून बसतो.

घरात इंजिनिअरिंगला जाणारं कुणी असलं की हे कधी ना कधी होतंच. विंडोजच्या शेजारी लिनक्स येतं, म्हणजे कॉम्प्युटर चालवणारी दुसरी प्रणाली. उबंटू हा त्यातलाच एक प्रकार 2004 मध्ये आला आणि पुढे काही वर्षं त्याच्या सीड्या फुकट, चक्क टपालाने घरी यायच्या. 2011 मध्ये ते बंद झालं. आता पेनड्राइव्हवर काम भागतं. मशिन सुरू केलं की यादी येते, हे हवं की ते, आणि बाकीचं घर शिकतं की बाण खाली न्यायचा आणि एंटर मारायचं. घड्याळ अधूनमधून साडेपाच तास मागे पडतं, तेही अंगवळणी पडतं. लिनक्स मशिनच्या घड्याळात ग्रीनिचची वेळ ठेवतं आणि विंडोज तीच इथली समजतं, त्यामुळे सकाळी दहाला पडद्यावर पहाटेचे साडेचार. मग मुलगा नोकरीला पुण्याला जातो आणि लिनक्स मागे राहतं.

आमच्या सिडकोतल्या शेजारच्या काकांकडे अगदी असंच झालं. काका नोटांच्या प्रेसमधून निवृत्त झालेले; नोटा मोजताना चुकायचं नाही, ही सवय त्यांना फोनवर बोलतानाही सुटलेली नाही. लिनक्स पुतण्याचं. लग्नाच्या फोटोंनी डी ड्राइव्ह भरला म्हणून नातीने विंडोजमधूनच लिनक्सचं पार्टिशन, म्हणजे डिस्कवरचा त्याचा वेगळा भाग, उडवलं. ते एका क्लिकमध्ये उडतं आणि त्या वेळी काहीच बिघडत नाही, हीच त्यातली गंमत. बिघडतं ते दुसऱ्या दिवशी.

सकाळी काकांचा फोन. ‘‘अरे, काळ्या पडद्यावर इंग्रजीत काहीतरी आलंय. एरर, नो सच पार्टिशन. खाली ग्रब, मग रेस्क्यू, मग बाणाच्या टोकासारखं चिन्ह. आणि पुढे एक रेघ लुकलुकतेय.’’

ग्रब म्हणजे ती यादी दाखवणारा. जुन्या पद्धतीच्या मशिनमध्ये डिस्कच्या अगदी पहिल्या कप्प्यात, 512 बाइटांत, सुरुवातीचा कोड बसवलेला असतो. त्यातलेही 64 बाइट पार्टिशनच्या नोंदींना आणि 2 शिक्क्याला जातात. कोडला उरतात 446. एवढ्याशा जागेत काय मावणार? म्हणून ग्रब तिथे आणि त्याच्या मागच्या मोकळ्या पट्टीत फक्त तोंडओळखीपुरता राहतो; त्याचा बाकीचा संसार लिनक्सच्या पार्टिशनमध्ये. नातीने तो संसार उचलला. दारातला माणूस तसाच राहिला, आता कुणाला आत न्यायचं हे न कळून. विंडोज शेजारच्या खोलीत धडधाकट आहे, फोटोसुद्धा जागच्या जागी आहेत, आणि दारातल्याला ते दिसत नाही.

काकांनी आधी एका दुकानात विचारलं होतं. उत्तर ठरलेलं: फॉरमॅट मारावं लागेल, डेटाची गॅरंटी नाही. या दोन वाक्यांनी किती घरांतले फोटो उगाच गेले असतील! इथे फॉरमॅटचा काही संबंध नाही. विंडोजच्या इन्स्टॉलेशनचा पेनड्राइव्ह लावायचा, इन्स्टॉलवर न जाता खालच्या रिपेअरवर जायचं आणि कमांड प्रॉम्प्ट, म्हणजे आज्ञा टाइप करायची खिडकी, उघडायचा. पेनड्राइव्ह मी देऊन आलो, पण त्या दिवशी मला नाशिकरोडला जायचं होतं, म्हणून पुढचं सगळं फोनवर.

‘‘बूटरेक लिहा. मग स्पेस.’’

‘‘स्पेस असं लिहू?’’

‘‘नाही हो काका, लांब बटण दाबा. मग तिरकी रेघ.’’

‘‘दोन आहेत. एक उजवीकडे कललेली, एक डावीकडे.’’

‘‘प्रश्नचिन्हाच्या बटणावरची. मग फिक्सएमबीआर, सलग.’’

काकांनी एकेक अक्षर मोठ्याने म्हणत टाइप केलं, मग पुन्हा पहिल्यापासून वाचून दाखवलं, मग एंटर. काम पूर्ण झाल्याची ओळ आली. पार्टिशनच्या नोंदींना धक्का न लावता फक्त दारातला माणूस बदलला. आता तिथे विंडोजचा. मशिन सुरू झालं तेव्हा काकूंचा आवाज आला, ‘‘ते काळं गेलं का?’’

हीच आज्ञा नव्या लॅपटॉपवरही मारत बसणारे पुष्कळ भेटतात. तिथे तिचा उपयोग नाही. यूईएफआयच्या, म्हणजे सुरू होण्याची नवी पद्धत असलेल्या मशिनमध्ये एक छोटं वेगळं पार्टिशन असतं, त्यात विंडोजचं फोल्डर आणि उबंटूचं फोल्डर शेजारी शेजारी. शिवाय कुणाला आधी बोलवायचं ते मदरबोर्डच्या मेमरीत लिहिलेलं. लिनक्स उडवलं तरी फोल्डर आणि नोंद दोन्ही तिथेच. बायोसमध्ये, म्हणजे मशिनच्या मूळ सेटिंगमध्ये जाऊन विंडोज बूट मॅनेजर पहिल्या नंबरवर आणला की बहुतेक वेळा भागतं. मात्र बिटलॉकर, म्हणजे डिस्कला विंडोजचं कुलूप, चालू असेल तर तो 48 आकड्यांची किल्ली मागू शकतो, आणि ती मायक्रोसॉफ्टच्या खात्यात आहे हे ज्याला माहीत, तो त्या वेळी घरात नसतो.

संध्याकाळी परतताना काकांकडे डोकावलो. नात विंडोजचं डिस्क मॅनेजमेंट, म्हणजे डिस्कचे भाग दाखवणारी खिडकी, उघडून बसली होती. सी, मग लिनक्सने सोडलेली मोकळी जागा, मग डी. ड्राइव्ह वाढतो तो फक्त उजवीकडे आणि ही जागा डीच्या डावीकडे. म्हणजे ज्या डीसाठी हा सगळा खटाटोप, त्याला ती मिळणारच नव्हती. वेगळा ई ड्राइव्ह करून फोटो तिकडे टाकू, असं मी सुचवलं. काका आतून चहा घेऊन येत म्हणाले, ‘‘सध्या हात लावू नका. पुतण्या दिवाळीला येतोय, त्याला लिनक्स लागलं तर?’’